निळा कान

साहेब, पुरावा नाही असं तुम्ही म्हणालात. तुम्ही खोटं बोललात. पुरावा तुमच्यासमोर धरलेला होता, साडेपाच फूट लांब आणि चार फूट रुंद. एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं माझ्या सासूच्या. तुम्ही फायलीतून मान वर केली नाहीत.

केली ती एकदाच. म्हणालात, "मॅडम, ते कापड कॅमेऱ्यासमोरून बाजूला घ्या. तुमचा चेहरा दिसत नाहीये."

"कापड न्हाई साहेब, गोधडी हाय," आत्या म्हणाल्या. "एकतीस वर्सांची हाय. ह्यो बघा कान."

"कागद अपलोड केलेत ना? मग वस्तू दाखवायची गरज नाही."

आत्यांनी गोधडी खाली घेतली. घडी घालताना निळा कान वर राहील अशी घातली. तुम्ही तेही पाहिलं नाहीत.

चांगुणाबाई दत्तू खिल्लारे हे तुमच्या कागदावरच्या अर्जदाराचं नाव. मी त्यांची सून, शर्मिला. मी त्यांना आत्या म्हणते. सुनावणी मोबाइलवर होती आणि आमच्या खोलीत नेट धरत नाही, म्हणून आम्ही पावणे नाक्यावर नामदेवच्या झेरॉक्सच्या दुकानात बसलो होतो. नामदेव झेरॉक्स काढतो, आधारची कामं करतो, लोकांचे सरकारी अर्जही भरतो. त्याने मोबाइल स्टेपलरला टेकवून ठेवला होता. आत्यांनी जयंतीला नेसतात ते पांढरं पातळ नेसलं होतं. साहेबासमोर जायचं म्हणून. तुम्हाला त्यातलं किती दिसलं, कोण जाणे. खांद्याएवढं दिसलं असेल.

कान म्हणजे काय, हे तुम्ही विचारलंच नाहीत. ज्या गोष्टीचा मालक कोण हे तुम्ही ठरवलंत, ती गोष्ट काय आहे हे एकदाही विचारलं नाहीत. म्हणून मी सांगते.

आत्या लोकांच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात. गाठोडं आलं की त्या आधी दोन ढीग करतात. डोक्याकडचे कपडे एकीकडे: सदरे, झंपर, टोप्या, साडीचा पदर. पायाकडचे दुसरीकडे: लुंग्या, पायजमे, परकर, साडीचा निऱ्यांकडचा भाग. गोधडीत डोक्याकडचं डोक्याकडेच लागतं आणि पायाकडचं पायाकडेच. एकाच्या पायजम्याचं कापड झोपेत दुसऱ्याच्या तोंडावर येता कामा नये. मेलेल्या माणसाचे कपडे असतील तर मुळीच नाही. बाप गेला आणि त्याच्या कपड्यांची गोधडी लेक पांघरते, तर बापाची छाती तिच्या छातीवर आली पाहिजे, असं आत्यांचं म्हणणं. परभणीकडच्या त्यांच्या गावात त्यांची आई असंच शिवायची.

पण दिवे गेल्यावर डोकं कुठलं आणि पाय कुठले, हे कळायचं कसं? त्यासाठी डोक्याच्या बाजूला, उजव्या कोपऱ्यात, एक तीनकोनी निळा तुकडा. दुहेरी दोऱ्याने, जाड टाक्यांनी शिवलेला. हाताला लागतो. पोराला झोपेत कळतो. तो कान. तो आत्यांचा स्वतःचा. आईच्या गोधडीला नव्हता.

निळा का? माझे सासरे, दत्तू खिल्लारे, पावण्याच्या एका कारखान्यात हेल्पर होते. वर्षाला दोन निळे ड्रेस मिळायचे. जुना झाला की आत्या त्याचे कान कापायच्या. फक्त शर्टाचे. पँटचं कापड त्यांनी कानाला कधी लावलं नाही. कारखान्याला टाळं लागून वीस वर्षं झाली, सासरे त्यानंतर तीन वर्षांत गेले. आता ट्रंकेत शेवटच्या शर्टाची एक बाही उरली आहे. आत्या कान लहान लहान कापत जातात.

या शर्टाच्या पाठीचा अख्खा भाग कंपनीच्या चाळीस गोधड्यांत गेला.

त्याचं असं झालं. एकोणीस साली ऐरोलीच्या एका ऑफिसातून रंजिता मॅडम आल्या. घर सजवायच्या वस्तू विकणारी कंपनी होती त्यांची. मी त्यांना वाईट बाई म्हणणार नाही. खोलीत आल्या, खाली बसल्या, चहा पूर्ण प्यायल्या. चपलासुद्धा बाहेर काढल्या होत्या.

"मावशी, कोपऱ्यात हे काय आहे? किती क्यूट!"

"कान हाय गोधडीचा."

"मग दोन लावूया ना. दोन्ही कोपऱ्यांना, वर आणि खाली. छान बॅलन्स येईल."

आत्या पदर तोंडाला लावून हसल्या. "मंग बाई, तू पाय कुठं करशील?"

रंजिता मॅडमही हसल्या. त्यांनी मोबाइलवर फोटो काढले. आत्यांना कानावर हात ठेवायला लावला. "चेहरा नको मावशी, नुसता हात. हात जास्त बोलतो."

चाळीस गोधड्या गेल्या. पैसे मिळाले, ठरल्या दिवशी मिळाले. बुडवले असते तर बरं झालं असतं. निदान दारात जाऊन भांडता आलं असतं.

त्यानंतर रंजिता मॅडमनी फोन केला नाही, आम्हीही केला नाही. पाच वर्षांनी आमच्या बचत गटाला वाशीच्या प्रदर्शनात स्टॉल मिळायची शक्यता झाली. गटाच्या बायका म्हणाल्या, नावाचा बोर्ड पाहिजे. मी म्हणाले, 'निळा कान' लिहू. आत्या लाजल्या. मीच त्यांना ओढत नामदेवकडे नेलं. बोर्ड लावायचा तर नाव आणि खूण आधी सरकारात ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घ्यावी, असं मी मोबाइलवर वाचलं होतं.

नामदेवने फॉर्म उघडला.

"मावशी, धंदा कधीपासून चालू?"

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. "धंदा कुठं हाय अजून? स्टॉल मिळायचाय."

"म्हणजे चालू नाही?"

"गोधड्या शिवते की. पर कपडा लोकांचा, गोधडी लोकांची. मी निसते टाके घालते. त्याला धंदा कसं म्हनू?"

"अहो, पण कान लावता ना कधीपासून?"

"लावते. पर ईकला कुठं? गोधडीसंगं जातो त्यो. सरकारी कागदावर खोटं नगं लिहू रे बाबा."

"जुनी बिलं हायत काय?"

"कुनी मागितलं न्हाई, मी दिलं न्हाई."

"मग 'वापर प्रस्तावित' टाकतो. सोपं पडतं. पुरावे जोडायचं टेन्शन नाय."

मी शेजारीच बसले होते. मी बारावी झालेली आहे. मी म्हणाले, "टाक."

हा शब्द माझा आहे, साहेब. तुमच्यावर आरोप करताना मी तो लपवणार नाही.

आत्यांनी सही केली. साक्षरता वर्गात शिकलेली, एकेक अक्षर सुटं सुटं.

काही महिन्यांनी तुमचं पत्र आलं. अशीच खूण, असंच नाव, आधीच नोंदलेलं आहे. कुणाचं, ते नामदेवने शोधलं. ऐरोलीच्या कंपनीचं. वीस साली अर्ज, वापर एकोणीसपासून. त्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याने, संघर्षने, कळंबोलीहून फोन केला. तो ट्रेलर चालवतो, लोखंड भरायला तिथे थांबला होता.

"आये, मोबाइलवर जाहिरात आलीय. तुजा कान ईकायला लागलेत."

"कुठं लावलाय?"

"दोन लावलेत. वर येक, खाली येक."

आत्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "येडी हायेत. माणूस झोपंल कसा?"

कंपनीने तुम्हाला दिलेले पुरावे तुमच्याच साइटवर सगळ्यांना दिसतात. नामदेवने प्रिंट काढल्या. अकराव्या पानावर फोटो होता: गोधडीचा कोपरा, निळा कान, त्यावर एक हात. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं, दोन भाग झालेलं. तीस वर्षं सुई ढकलून होतं तसं.

आत्यांनी आपला अंगठा कागदावरच्या अंगठ्याशेजारी ठेवला.

"ह्यो तर मीच हाय," त्या म्हणाल्या.

नामदेव खुर्चीतून उठलाच. "मावशी, कंपनीच्या आधीचा पुरावा पायजे. एक तरी. तारीखवाला. आणा कुठून पण."

मग आम्ही सरस्वतीबाईंकडे गेलो.

सरस्वतीबाई आमच्या घरमालकीण. पावणे गावातल्या मूळच्या आगरी. त्यांची शेती गेली, तिथे कारखाने झाले, आणि उरलेल्या जागेवर त्यांनी आमच्यासारख्यांसाठी खोल्या बांधल्या. आत्या परभणीहून आल्या त्या त्यांच्याच खोलीत. सरस्वतीबाईंना मुलगा झाला तेव्हा आत्यांनी त्याच्यासाठी गोधडी शिवली, या गावातली पहिली. सरस्वतीबाईंच्या सासूने ती दारातच घेतली, पाणी शिंपडून घेतली. का शिंपडलं, ते मी तुम्हाला समजावून सांगत बसणार नाही. सरस्वतीबाईंनी मात्र सासूच्या समोर लेकरू त्यात गुंडाळलं. तीच गोधडी आता त्या स्वतः पांघरतात. साखरेने त्यांचे दोन्ही डोळे गेलेत. खाटेवरून उठत नाहीत.

"कोन, चांगुना काय?" पावलांवरून त्यांनी ओळखलं.

"मीच. तुमची जुनी गोधडी पायजे हुती चार दिस. साहेबाला दावाया."

"ने. पन परत आन. मना दुसरीन झोप नाय येत." त्यांचे हात गोधडीवर फिरत होते, कानापाशी येऊन थांबत होते. "आनि ह्यांच्या कपड्यांची कवा देतेस गो?"

ह्यांच्या म्हणजे वामनरावांच्या. त्यांचे मालक गेल्या दिवाळीनंतर गेले. त्यांच्या कपड्यांचं गाठोडं आत्यांकडे आलेलं होतं.

"कापून झालंय. देते."

मुलगा धनेश आतून आला. "मावशी, फाटकी गोधडी काय दाखवता साहेबाला? थांबा." त्याने कपाट उपसलं आणि एक अल्बम आणला. बारशाचा फोटो. पाळण्यात तो, अंगाखाली गोधडी, आणि त्याच्या डोक्याशेजारी निळा कान, स्पष्ट. फोटोच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने छापलेली नारिंगी तारीख. चौऱ्याण्णव सालची.

"बघा," धनेश म्हणाला, "माझ्या डोक्याला केस नाय, पन कान तीन हायत."

त्या दिवशी आम्ही सगळे हसलो. आत्या तर खाटेच्या कडेला धरून हसल्या. आम्हाला वाटलं, जिंकलो. कंपनीच्या पंचवीस वर्षं आधीची तारीख होती. याच्यापुढे कोण काय बोलणार?

तुम्ही बोललात.

"फोटो पाहिला," तुम्ही म्हणालात. "जुना असेल, मी नाही म्हणत नाही. पण तुमच्या अर्जात काय लिहिलंय? वापर प्रस्तावित."

"प्रस्तावित म्हंजी, साहेब?"

"म्हणजे तुम्ही ही खूण अजून वापरलेलीच नाही. फक्त वापरायचा विचार आहे. असं तुम्हीच लिहून दिलंय. सही तुमचीच आहे ना?"

"सही माजीच हाय. पर साहेब, धंदा न्हवता म्हनून..."

"मग पुरावा कशाचा देताय?"

मी मध्ये पडले. "साहेब, ते भरताना चूक झाली. ते दुरुस्त करून घ्या. आणि त्यांच्या अकराव्या पानावरचा हात बघा. तो हात यांचा आहे. आत्या, दाखवा अंगठा."

आत्यांनी अंगठा कॅमेऱ्यापुढे धरला.

"त्या फोटोत चेहरा नाही," तुम्ही म्हणालात. "आणि अर्ज भरल्यावर तारीख मागे नेता येत नाही. भावना समजतात मॅडम, पण रेकॉर्डवर जे आहे ते आहे. नेक्स्ट."

सात मिनिटं. कंपनीचं कुणी हजर नव्हतं. त्यांना यायची गरजच पडली नाही. त्यांची बाजू तुमच्या कागदाने मांडली, आणि आत्यांच्या खरेपणाने. खोटं नको लिहू म्हणाली ती बाई हरली, आणि तिचा हात दाखवून स्वतःचं नाव लावलं ती कंपनी खरी ठरली. याला तुमच्याकडे काय म्हणतात?

मोबाइलचा पडदा काळा झाला. त्यात आत्यांना आपला अंगठा दिसत होता. त्यांनी तो हळूच पदरात घेतला.

"साहेब लई घाईत व्हते," त्या म्हणाल्या. "जेवले नसतील."

नामदेव कपाळावर हात मारून घेत होता. "माझी चूक झाली मावशी. मी सोपं बघितलं."

"तुजी न्हाई रे. मीच बोलले ना, धंदा न्हाई म्हनून."

तुमचा नकार आला, वापराचा पुरावा नाही म्हणून. पाठोपाठ कंपनीच्या वकिलाची नोटीस आली, इंग्रजीत, चार पानं. नामदेवने वाचून सांगितली. निळा कान हे नाव वापरायचं नाही. गोधडीच्या कोपऱ्यात तीनकोनी तुकडा लावायचा नाही, निळा नाही आणि दुसऱ्या कुठल्याही रंगाचा नाही. लावलेला माल जप्त होईल. प्रदर्शनवाल्यांनाही तिची एक प्रत गेली असणार, कारण आमचा स्टॉल रद्द झाला. कारण सांगितलं नाही.

"वर अपील आहे," नामदेव म्हणाला. "पन वकील लागंल. वर्षं जातील. मावशी, तोवर असं करा, गोल लावा. गोलाबद्दल काय लिहिलेलं नाय."

"गोल कान कुनाला असतोय?"

"मग असाच लावा. घरोघरी येऊन कोण बघणार?"

आत्यांनी मान हलवली. "त्यो आता दुसऱ्याचा हाय म्हनतेत. दुसऱ्याची वस्तू मी आजवर कुनाच्या अंगावर घातली न्हाई. आता बी घालनार न्हाई."

मी भांडले त्यांच्याशी. दुसऱ्याचा कसा? सासऱ्यांचा शर्ट दुसऱ्याचा कसा झाला? स्टॉलसाठी शिवलेल्या अकरा गोधड्या त्यांनी समोर घेतल्या, चष्मा लावला आणि उसवायला बसल्या. त्यांचेच टाके, दुहेरी दोऱ्याचे, सहज सुटत नव्हते. एकेक कान निघाला की त्या तो मांडीवर ठेवून बोटाने सपाट करायच्या. अकरा कान झाले. ते त्यांनी त्या उरलेल्या बाहीत गुंडाळले आणि ट्रंकेत ठेवले. ज्या शर्टातून निघाले होते, त्यातच परत गेले.

वामनरावांच्या कपड्यांची गोधडी त्यांनी त्याच आठवड्यात पूर्ण केली. वर पांढरे सदरे आणि टोप्या, मध्ये गंजीफ्रॉक, खाली लुंग्या. उजवा कोपरा रिकामा.

जुनी गोधडी आम्ही सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी परत केली होती; रविवारी सकाळी नवी घेऊन गेलो. धनेशने नवी उलगडून पाहिली. कोपऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. जुनी त्याने काढून खाटेच्या पायथ्याशी ठेवली.

"आणली काय गो ह्यांची?" सरस्वतीबाई उठून बसायला बघत होत्या. "घाल अंगावर. आज हीच घाल."

आत्यांनी गोधडी त्यांच्या मांडीवर दिली. सरस्वतीबाईंनी ती नाकाशी नेली, वास घेतला. मग त्यांचे हात कडेकडेने निघाले. एक कोपरा चाचपला. दुसरा. तिसरा. चौथा. पुन्हा पहिला.

"चांगुना, याचा डोका कंचा गो?"

आत्या खाटेजवळ सरकल्या.

"कान नाय लावलास? ह्यांचे पाय माझे तोंडावर येतील ना गो. तुला म्हायती हाय ना, आयुष्यभर मी त्यांचे पायाजवळच बसले. आता तरी..."

आत्या खाली, खाटेला टेकून बसल्या. डोक्याच्या बाजूचा कोपरा त्यांनी शोधून दिला, त्यावर आपला अंगठा ठेवला, आणि सरस्वतीबाईंचा हात त्या अंगठ्यावर.

"हितं हाय. हितं डोकं."

सरस्वतीबाईंनी चिरलेलं नख चाचपलं. हलकंसं हसल्या. मग त्यांनी विचारलं, "आनि तू घरी गेलीस की?"

आत्यांनी अंगठा काढला नाही. दुपार झाली, धनेशची बायको जेवायला हाका मारून गेली, तरी त्या तशाच बसून होत्या, कोपऱ्यावर अंगठा दाबून.

साहेब, त्या बाईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आत्यांकडे नाही. माझ्याकडेही नाही. नियम तुमचे आहेत, रेकॉर्ड तुमचं आहे, कानही आता तुम्ही ज्यांना देऊन टाकलात त्यांचा आहे. तेव्हा तुम्हीच सांगा. डोळ्यांनी दिसत नाही अशा बाईने, एकटी असताना, आपल्या माणसाचं डोकं कुठल्या बाजूला आहे हे कसं ओळखायचं?

लेखी कळवा.